बाळाच्या खोलीसाठी झुलती खुर्ची कशी निवडाल?

नवजात बाळ चोवीस तासांत आठ ते बारा वेळा दूध पितं. म्हणजे तुम्ही जी खुर्ची आणाल, तिच्यात पहिले काही महिने दिवसाही बसायचं आणि रात्री अडीच वाजताही. म्हणून ‘दिसायला छान आहे’ एवढ्यावर ती उचलू नका. शिंपी माप घेतल्याशिवाय ब्लाउज बेतत नाही, तशीच ही खुर्चीही बसणाऱ्याच्या अंगाच्या मापाने घ्यायची. काम अवघड नाही. घरी तासभर, दुकानात तासभर. चला, मेजपट्टी घ्या, एकेक करत जाऊ.

हाताशी काय हवं

मेजपट्टी, खडू, कागद-पेन, तुमची रोजची उशी, आणि तीन किलो तांदूळ भरून तोंड घट्ट बांधलेली कापडी पिशवी. ही पिशवी म्हणजे दुकानातलं आपलं बाळ. नवजात बाळाचं वजन साधारण अडीच-तीन किलोच्या आसपास असतं, त्यामुळे अंदाज बरोबर येतो.

आधी घरी: जागा आणि मापं

१. खुर्ची कोणत्या घरात ठेवायची ते ठरवा. पहिलं बाळंतपण माहेरी होणार असेल, तर सुरुवातीचे दोन-तीन महिने तिथेच जातील. तेव्हा खुर्ची आधी माहेरी न्यायची की सासरी परतल्यावर घ्यायची, हे आत्ताच बोलून घ्या. हे ठरलं नाही, तर खुर्ची एका घरात आणि बाळ-बाळंतीण दुसऱ्या घरात, अशी गंमत होते.

२. तिच्यात सगळ्यात जास्त कोण बसणार ते नक्की करा. बहुतेक घरांत बाळाची आई. ती पाच फूट आणि बाबा सहा फूट असतील, तर माप आईचंच घ्यायचं. खरेदीला बाबा किंवा आजी जाणार असतील, तर आईलाही बरोबर न्या. तिच्याशिवाय पसंत केलेली खुर्ची हमखास उंच निघते. इथून पुढे ‘तुम्ही’ म्हणजे त्या खुर्चीत बसणारी व्यक्ती.

३. खोलीतली जागा निवडा. पाळण्यापासून दोन-तीन पावलांवर, भिंतीला पाठ, हाताच्या अंतरावर दिव्याचं बटण. पंख्याच्या थेट खाली नको. घामेजल्या अंगावर आणि बाळाच्या डोक्यावर सारखा वारा येतो. पावसाळ्यात ज्या खिडकीतून झड आत येते, तिच्याजवळही नको.

४. जमिनीवर खडूने चौकट आखा. साध्या झुलत्या खुर्चीला सुमारे दोन फूट रुंद आणि साडेतीन फूट लांब जागा लागते. झोक्यासाठी पुढे एक फूट आणि मागे एक फूट वेगळी सोडा. चौकट आखून झाली की कपाटाचं दार आणि खोलीचं दार पूर्ण उघडून बघा. दार चौकटीत आलं, तर जागा बदला. नंतर खुर्ची सरकवत बसावं लागेल.

५. खुर्ची आत येण्याची वाट मोजा. इमारतीची लिफ्ट, जिन्याचं वळण, घराचं दार, खोलीचं दार, या सगळ्यांत जी जागा सगळ्यात अरुंद असेल, तिचं माप लिहा. जुन्या वाड्यांत आणि चाळींत खोलीच्या दारापेक्षा जिन्याचं वळणच जास्त अडवतं.

६. गुडघ्याची उंची घ्या. जेवणाच्या खुर्चीवर अनवाणी बसा, पाय सपाट टेकवा आणि जमिनीपासून गुडघ्याच्या मागच्या खोबणीपर्यंत माप घ्या. कागदावर ‘अ’ लिहून त्यापुढे आकडा मांडा. हे माप दुसऱ्या कुणाला तरी घ्यायला सांगा. स्वतः वाकून घेतलं की चुकतं.

७. मांडीची लांबी घ्या. तसंच ताठ बसून पाठीच्या मागच्या टोकापासून गुडघ्याच्या खोबणीपर्यंत. हा झाला ‘आ’.

८. कोपराची उंची घ्या. खांदे सैल सोडा, हात कोपरात दुमडा आणि बैठकीपासून कोपराच्या खालच्या टोकापर्यंत मोजा. हा ‘इ’. खांदे उचललेले असतील, तर माप इंचभर जास्त येतं. म्हणून एक मोठा श्वास सोडा आणि मग मोजा.

९. प्रकार निवडा. बाजारात मुख्यतः तीन मिळतात:
- खाली दोन वक्र पट्ट्या असलेली साधी खुर्ची, लाकडी किंवा वेताची. हलकी असते आणि तिची दुरुस्ती कोणताही सुतार करतो.
- ग्लायडर. हिचा खालचा सांगाडा जागेवर राहतो आणि बैठक पुढे-मागे सरकते. छोट्या खोलीला ही बरी.
- झुलणारं रिक्लायनर. पाय पसरायची सोय चांगली, पण जड आणि जागा खाणारं.

खोली दहा बाय दहाची असेल, तर पहिल्या दोन प्रकारांतलीच बघा. रिक्लायनर पाठ पाडल्यावर किती लांब होतं, याकडे दुकानात कुणाचं लक्ष जात नाही.

दुकानात: बसून बघा

मुंबईकडे ओशिवरा, उल्हासनगर इथले फर्निचर बाजार मोठे आहेत. तुमच्या गावात एखाद-दोनच दुकानं असतील, तरी हरकत नाही. कृती तीच. रविवारी संध्याकाळी मात्र जाऊ नका. त्या गर्दीत कुणी तुम्हाला निवांत बसू देणार नाही.

१०. चपला काढा. घरी तुम्ही अनवाणीच बसणार. चपलेचा तळ अर्धा-एक इंच उंची वाढवतो आणि उंच खुर्चीही बरोबर वाटायला लागते.

११. दुकानदाराला खुर्ची धरायला सांगा आणि मग बसा. पोट मोठं असताना नव्या झुलत्या खुर्चीत एकदम टेकू नका. पहिला झोका किती मागे जाईल, हे तुम्हाला अजून माहीत नाही.

१२. पाय टेकतात का बघा. पाठ मागे टेकवून दोन्ही टाचा जमिनीला लागल्या पाहिजेत. बैठकीची उंची तुमच्या ‘अ’ इतकी किंवा अर्धा इंच कमी असावी. माप तुम्ही बसलेल्या असतानाच घ्यायला सांगा, कारण गादी वजनाने दबते. टाचा अधांतरी राहिल्या, तर ती खुर्ची तिथेच सोडा. झोका पायाने द्यायचा असतो, कमरेने नाही.

१३. गुडघ्यामागे तीन बोटं घाला. बैठकीची पुढची कड आणि गुडघा यांत तेवढी जागा हवी. म्हणजे बैठकीची खोली ‘आ’पेक्षा सुमारे दोन इंच कमी. जागा उरली नाही, तर कड पोटरीत रुतते आणि पायाला मुंग्या येतात. तीनाऐवजी सहा बोटं मावली, तर मांडीला आधार अपुरा पडतो.

१४. कोपर खुर्चीच्या हातांवर ठेवा. खांदे न उचलता कोपर आरामात टेकला, तर खुर्चीच्या हातांची उंची तुमच्या ‘इ’शी जुळली. खुर्चीचे हात फार खाली राहिले, तर बाळाचं सगळं वजन तुमच्या मानेवर आणि मनगटावर येतं. ते जरा खाली असतील, तर उशीने भागतं. उंच असतील, तर काहीच इलाज नाही.

१५. दोन्ही मांड्यांच्या बाजूला तळहात आडवे घाला. दोन्हीकडे एकेक तळहात सहज मावला पाहिजे. बाळाला कुशीत आडवं धरलं की त्याचे पाय एका बाजूला येतात. खुर्ची अरुंद असेल, तर ते पाय लाकडावर आपटतात.

१६. डोकं मागे टेकवा. पाठ डोक्यापर्यंत उंच हवी. ती खांद्यापाशीच संपत असेल, तर रात्रीच्या दुधानंतर मान लुळी पडते आणि सकाळी आखडते.

१७. कमरेमागे हात घालून बघा. मोठी पोकळी लागली, तर छोटी उशी लागेल, एवढं लिहून ठेवा. यासाठी खुर्ची नाकारू नका. हा दोष स्वस्तात सुटतो.

१८. उशी मांडीवर ठेवा आणि तांदळाची पिशवी कुशीत घ्या. आता आधी डावीकडे धरा, मग उजवीकडे. बाळाला दोन्ही बाजूंना पाजायचं असतं, म्हणून दोन्हीकडे कोपराला आधार मिळाला पाहिजे. पिशवी जवळ घेताना तुम्ही पुढे वाकत असाल, तर उशी आणखी जाड हवी. डॉक्टरांनी वजन उचलायला मनाई केली असेल, तर ही आणि पुढची पायरी बरोबर आलेल्या कुणाला तरी करायला सांगा.

१९. पिशवीसकट उठा. सगळ्या कृतीतली हीच खरी परीक्षा आहे. एका हाताने पिशवी छातीशी धरायची, दुसरा हात खुर्चीच्या हातावर दाबायचा आणि उभं राहायचं. खुर्ची पुढे कलंडली, मागे पळाली किंवा तुम्हाला दोनदा जोर लावावा लागला, तर ती नको. सिझेरियन झालं असेल, तर पहिले काही आठवडे पोटावर ताण न देता उठायचं असतं. खोल, मऊ, आत ओढून घेणारी बैठक तेव्हा अगदी नकोशी होते.

२०. जोरात झोका देऊन बघा, पण रिकाम्या खुर्चीला. पाठ मागे पूर्ण दाबून सोडून द्या. खुर्ची काही हेलकावे घेऊन सरळ जागेवर यावी. मागे अडकून राहिली किंवा तिरकी सरकली, तर खालच्या दोन पट्ट्या एकसारख्या नाहीत, असं समजा.

२१. कान देऊन ऐका. दुकानातला पंखा बंद करायला सांगा आणि सावकाश दहा-बारा झोके घ्या. ‘कुर्र कुर्र’ आवाज आला, तर ‘वापरून जाईल हो’ या बोलण्यावर विसंबू नका. वापराने आवाज बहुधा वाढतोच, आणि नेमका डोळा लागलेल्या बाळाला तो ऐकू जातो.

२२. त्याच खुर्चीत पंधरा मिनिटं बसून राहा. मोबाइल बाजूला ठेवा, गप्पा मारा, पण उठू नका. पाचव्या मिनिटाला सगळ्याच खुर्च्या छान वाटतात. पाठीत, माकडहाडाशी किंवा पोटरीत कळ येते ती नंतर.

आता खुर्ची तपासा

२३. खुर्ची उलटी करा. लाकडात लाकूड बसवलेले घट्ट जोड किंवा जाड बोल्ट दिसले, तर उत्तम. नुसत्या खिळ्यांवर किंवा डिंकावर जोडलेली खुर्ची रोजच्या झोक्यांनी खिळखिळी होते. सागवान आणि शिसम टिकाऊ. वजन पेलणाऱ्या भागांत भुशाच्या दाबलेल्या पाट्या वापरल्या असतील, तर नको. त्यांत स्क्रू सैल पडतात आणि पाणी लागलं की त्या फुगतात.

२४. लाकडाला किंवा वेताला बारीक भोकं आहेत का बघा. भोकं दिसली किंवा टकटक केल्यावर पिठासारखी भुकटी पडली, तर आत कीड आहे. अशी खुर्ची कितीही स्वस्त मिळाली, तरी घरात आणू नका. ती कीड बाकीच्या फर्निचरलाही लागते.

२५. बोटं अडकतील अशा फटी शोधा. ग्लायडरमध्ये बैठक आणि खालचा सांगाडा यांत हलणारी फट असते. बाळाचं बोट जाईल एवढी ती उघडी असेल, तर झाकण असलेलं मॉडेल मागा. झोका थांबवायची कळ असेल, तर उत्तमच. ती दोन-तीनदा लावून-सोडून बघा.

२६. गादीचं अभ्रं काढून दाखवायला सांगा. चेन असलेलं, धुता येणारं सुती अभ्रं घ्या. बाळ दूध काढणार, लंगोट ओला होणार, हे ठरलेलंच आहे. रेक्झिन पुसायला सोपं असतं, पण कोकणात आणि मुंबईच्या दमट हवेत ते पाठीला चिकटतं. आतला फोम किती डेन्सिटीचा, तेही विचारा. बैठकीला ४० असेल तर चांगला टिकतो, ३२ पाठीला चालतो. उत्तर मिळालं नाही, तर अंगठ्याने दाबून बघा. खालची फळी लागली, तर गादी बदलून मागा.

२७. जुनी खुर्ची घेत असाल, तर रंग तपासा. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण ९० पीपीएमच्या वर नको, हे बंधन आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झालं. त्याआधी रंगवलेल्या आणि रंगाचे पापुद्रे निघणाऱ्या खुर्चीपासून लांब राहा. बाळ पुढे खुर्चीची कड चाटणार. घरी पॉलिशपेपरने रंग खरवडायच्या भानगडीत पडू नका, गरोदरपणात तर मुळीच नाही. ती धूळच घातक.

२८. मेजपट्टी काढून खुर्ची मोजा. रुंदी, लांबी आणि पाठ पूर्ण मागे गेल्यावरची लांबी, तिन्ही तुमच्या खडूच्या चौकटीशी आणि लिफ्टच्या मापाशी ताडून बघा. पैसे देण्याआधी ही शेवटची पायरी. पैसे दिल्यावर कळलं की फार वाईट वाटतं.

२९. पावतीवर तीन गोष्टी लिहून घ्या: खुर्ची किती वजन पेलते, घरी जोडून देणार का, आणि आवाज आला किंवा जोड सैल झाला तर दुरुस्ती कोण करणार. तोंडी वचन चार महिन्यांनी कुणाच्याच लक्षात नसतं.

खुर्ची घरी आल्यावर

३०. बोल्ट सगळे घट्ट करा. जोडून आलेली खुर्चीही प्रवासात सैल होते. आठवड्याने पुन्हा एकदा फिरवा, मग महिन्यातून एकदा पुरे.

३१. खाली पातळ सतरंजी किंवा रबरी चटई अंथरा. गुळगुळीत टाइल्सवर झुलती खुर्ची इंच इंच मागे सरकते आणि भिंतीवर आपटते. जाड गालिचा मात्र नको, त्यात झोकाच अडतो.

३२. पूर्ण झोका देऊन भिंतीपासूनचं अंतर तपासा. खुर्ची पूर्ण मागे गेल्यावरही वीतभर जागा उरली पाहिजे.

३३. समोर पाट ठेवा. होय, जेवायला बसतो तोच लाकडी पाट. पाजताना त्यावर पाय ठेवले की गुडघे जरा वर येतात आणि बाळ आपोआप जवळ येतं. झोका घ्यायच्या आणि उठायच्या वेळी मात्र तो पायाने बाजूला सारा. नाहीतर अडखळाल.

३४. उजव्या हाताशी छोटं स्टूल मांडा. त्यावर झाकणाची पाण्याची बाटली, मऊ फडकं आणि मंद दिवा. दूध पाजताना तहान लागतेच. गरम चहा-कॉफीचा कप तिथे नको. बाळाची एक लाथ पुरते.

३५. बसण्याआधी पदर, ओढणी किंवा गाऊनचा घोळ मांडीवर घ्या. लोंबतं कापड वक्र पट्टीखाली गेलं की उठताना खालून ओढ बसते आणि तोल जातो. हे अंगवळणी पडेपर्यंत घरच्यांनी आठवण करून द्यायची.

३६. डोळे जड झाले की बाळाला लगेच पाळण्यात ठेवा. सपाट, घट्ट गादीवर, पाठीवर, आजूबाजूला उशी-पांघरुणाचा ढीग न ठेवता. खुर्चीत किंवा सोफ्यावर बाळाला घेऊन झोप लागली, तर ते उशीत किंवा अंगाखाली दबून त्याचा श्वास कोंडू शकतो. या बाबतीत ‘पाचच मिनिटं’ म्हणायचं नाही. कुणाला तरी हाक मारा आणि बाळ त्यांच्याकडे द्या.

३७. बाळ रांगू लागलं की नियम बदला. साधारण सात ते दहा महिन्यांच्या दरम्यान ते खुर्चीखाली पोचतं. वापर नसेल तेव्हा झोक्याची कळ लावून ठेवा. कळ नसेल, तर दोन्ही पट्ट्यांखाली पुढून-मागून लाकडी पाचर घाला. बसण्याआधी खाली वाकून बघा आणि मगच बसा. मोठं भावंड असेल, तर खुर्चीच्या मागे उभं राहायचं नाही, हे त्याला पहिल्याच दिवशी सांगा.

एवढं केलंत की झालं. दोन खुर्च्यांत मन अडकलंच, तर रंग, नक्षी, किंमत सगळं बाजूला ठेवा आणि एकोणिसावी पायरी पुन्हा करा. पिशवी कुशीत घेऊन जिच्यातून तुम्ही एका हाताच्या आधाराने सहज उठाल, तीच घरी न्या.